एमएमए टायकून : सही केलेल्या लढती लढायच्या की नाहीत?

एमएमए टायकून हा एमएमएवर (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती यांची पिंजऱ्यातली मिश्र लढत) बेतलेला, ब्राउझरमध्ये खेळायचा आणि जवळजवळ संपूर्णपणे मजकुरावर चालणारा मॅनेजमेंट गेम आहे. पिंजऱ्यात उतरणारा फायटर आपण नसतो, आपण त्याचे मॅनेजर असतो. त्याला कोणत्या जिममध्ये घालायचे, बॉक्सिंगवर भर द्यायचा की रेसलिंगवर, त्याची पहिली लढत कोणाशी घ्यायची, हे आपण ठरवायचे. लढतीआधी डावपेच भरून ठेवायचे आणि लढत सुरू झाली की हाताची घडी घालून एकेका ओळीने उमटणारे वर्णन वाचत बसायचे. ज्यांना चकचकीत ग्राफिक्स हवेत, त्यांची इथे पहिल्या पाच मिनिटांतच निराशा होईल. क्रिकेटचे धावते वर्णन रेडिओवर ऐकत वाढलेल्या पिढीला मात्र हा प्रकार फारसा परका वाटणार नाही.

तरीही या खेळाचे खरे वेगळेपण डावपेचांत नाही, ते त्याच्या बाजारपेठेत आहे. जिम, कपडे आणि पूरक आहार विकणाऱ्या कंपन्या, लढती भरवणारी प्रमोशन्स, हे सगळे इतर खेळाडूंच्या मालकीचे असते. त्यामुळे फायटरला नाव मिळवून देणारी लढत संगणक देत नाही. ती दुसऱ्या एखाद्या देशात बसलेला, दिवसभराचे काम आटोपून रात्री आपल्या प्रमोशनचे कार्ड, म्हणजे एका कार्यक्रमातल्या लढतींची यादी, जुळवणारा माणूस देतो. त्याच्याशी आपला करार होतो : इतक्या लढती, लढण्याचे इतके, जिंकल्यास वर इतके. हा करार मॅनेजरने शेवटपर्यंत पाळावा का, की अधिक चांगले बोलावणे आल्यावर त्यातून अंग काढून घ्यावे, हा या खेळातला सर्वांत जुना आणि सर्वांत कडू वाद आहे. या परीक्षणात मला मुख्यतः त्याविषयीच लिहायचे आहे, कारण हा खेळ तुम्हाला आवडेल की नाही हे बव्हंशी तुम्ही या वादात कोणत्या बाजूला उभे राहता यावर अवलंबून आहे.

करार मोडण्याचे समर्थन करणारे मॅनेजर सहसा खऱ्या एमएमएचे दाखले देतात, आणि ते दाखले पोकळ नाहीत. एमएमएमधली सर्वांत मोठी प्रमोशन कंपनी असलेल्या यूएफसीचे करार एकतर्फी असतात ही तक्रार फार जुनी आहे. फायटर चॅम्पियन झाला की करार आपोआप लांबवणारे कलम, दुसरीकडे लढण्यास मनाई, आणि नवोदितांना अनेकदा लढण्याचे 12 हजार डॉलर व जिंकल्यास आणखी 12 हजार, असे त्या करारांचे स्वरूप राहिले आहे. रँडी कुटूर हेवीवेट चॅम्पियन असताना, करारातील लढती शिल्लक असताना, ऑक्टोबर 2007 मध्ये यूएफसी सोडून निघाला. त्याला यूएफसीबाहेर लढणाऱ्या नामांकित हेवीवेट फेडोर एमेलियानेंकोशी लढायचे होते. प्रकरण कोर्टात गेले, ती लढत कधीच झाली नाही, आणि नोव्हेंबर 2008 मध्ये कुटूर पुन्हा यूएफसीतच परतून ब्रॉक लेस्नरकडून हरला. पुढे यूएफसीचाच हेवीवेट चॅम्पियन झालेल्या फ्रान्सिस एनगानूने उलट वाट धरली. करारातील लढती लढून, करार संपण्याची वाट पाहून, तो जानेवारी 2023 मध्ये मोकळा झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रियाधला हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीसमोर बॉक्सिंगच्या रिंगणात उभा राहिला. डिसेंबर 2014 मध्ये फायटर्सनी यूएफसीवर दाखल केलेला मक्तेदारीविरोधी खटला तर दहा वर्षे चालला, 33.5 कोटी डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीशांनी 2024 मध्ये नाकारली आणि अखेर 37.5 कोटी डॉलरवर तो मिटला.

हे सगळे वाचलेला मॅनेजर साहजिकच म्हणतो की, प्रमोटर नावाचा प्राणी शोषकच असतो, तर मग त्याच्याशी केलेल्या करारापायी माझ्या फायटरची उमेदीची वर्षे का वाया घालवू? युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, पण तो या खेळाला लागू होत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

खऱ्या जगात करारात अडकलेला फायटर हाडामांसाचा माणूस असतो. त्याला घरभाडे असते, मोडलेली बरगडी असते, आणि जेमतेम दहा वर्षांची कारकीर्द असते; समोरच्या बाजूला वकिलांची फौज बाळगणारी कंपनी असते. खेळात हे चित्र नेमके उलटे होते. फायटर म्हणजे आकड्यांचा संच. त्याला भूक लागत नाही की अपमान वाटत नाही. हाडामांसाची माणसे दोनच उरतात, मॅनेजर आणि प्रमोटर, आणि त्या दोघांत अधिक राबणारा बहुधा प्रमोटर असतो. मॅनेजरने दिवसातून दहा मिनिटे दिली तरी त्याचे भागते. प्रमोटरला मात्र वीस-पंचवीस मॅनेजरांना निरोप पाठवावे लागतात, वजनगटांप्रमाणे जोड्या लावाव्या लागतात, कोणाला कोण झेपेल याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि हे सगळे खेळातल्या पैशासाठी, ज्याने बाहेर एक कटिंग चहासुद्धा येत नाही. अशा माणसाला शब्द देऊन ऐन वेळी हात वर करणे आणि वर त्याला फायटरांच्या हक्कांची लढाई म्हणणे, हा निव्वळ ढोंगीपणा आहे.

आपल्याकडच्या यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानाशी याचे साम्य आहे. पोस्टरवर जोड छापली, गावोगाव लागली, आणि एक मल्ल आलाच नाही, तर लोक त्या मल्लाला नव्हे, यात्रा कमिटीला जाब विचारतात. ज्या मल्लाने महिनोन् महिने त्या एका जोडीसाठी मेहनत केली, तो लांग चढवून नुसताच बसून राहतो.

मी या खेळात मॅनेजर म्हणून राहिलो आहे आणि काही काळ एक छोटे प्रमोशनही चालवले आहे, त्यामुळे हे कसे घडते ते जवळून सांगता येईल. एका मॅनेजरने, ज्याचे नाव घेण्याची गरज नाही, आपल्या फेदरवेट फायटरसाठी माझ्याकडे चार लढतींचा करार केला. पोरगा पहिल्या दोन लढती दणक्यात जिंकला. दुसरी तर पहिल्याच फेरीत संपली, आणि मी त्याला बेल्टच्या, म्हणजे चॅम्पियनपदाच्या, लढतीसाठी धरून ठेवले. मधल्या काळात कोणत्या तरी मोठ्या प्रमोशनचे बोलावणे आले असावे. मी पुढचा प्रतिस्पर्धी सुचवला तेव्हा उत्तर आले की, तो फारच रेसलिंग करणारा आहे, ही जोड जमणार नाही. दुसरा सुचवला, तर त्याचे नाव लहान आहे म्हणून नकार. तिसऱ्या निरोपाला उत्तरच नाही. दरम्यान माझा चॅम्पियन ज्याच्या मालकीचा होता, तो बिचारा मॅनेजर आठवडेच्या आठवडे टेकडाउन (प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणे) सोडून स्ट्राइकिंगच्या (ठोसे-लाथांच्या) बचावावर मेहनत घेत होता, कारण त्याला समोर कोण येणार हे मी सांगितले होते. या खेळात कौशल्य मुंगीच्या पावलांनी वाढते आणि फायटरचे वय मात्र पुढे सरकतच राहते. वाया गेलेल्या त्या आठवड्यांची भरपाई कोणत्याही दंडाने होत नाही.

करार उघडपणे मोडणारे तसे थोडेच असतात. बहुतेकांची रीत चालढकलीची असते. आलेली प्रत्येक लढत काहीतरी कारण काढून परतवायची, म्हणजे प्रमोटर कंटाळून आपणच नाव काढून टाकतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे उरलेल्या लढती उरकून टाकणे : डावपेच न भरता, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास न करता फायटरला पिंजऱ्यात सोडून द्यायचे. कागदावर करार पाळला गेला, प्रेक्षकांना लढत मिळाली, आणि तरी सगळ्यांच्या तोंडाला पाने पुसली गेली. माझ्या दृष्टीने हा करारभंगच आहे. करार लढतींचा असतो, हजेरीचा नव्हे.

आता प्रमोटरची बाजू घेतली म्हणून प्रमोटर सोवळे ठरत नाहीत. काही प्रमोशन्स उगवता फायटर प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये एवढ्याचसाठी त्याला लांबलचक करारात बांधतात आणि मग आठवडेच्या आठवडे लढतच देत नाहीत. काहींना आपला लाडका चॅम्पियन जपायचा असतो, म्हणून त्याला भारी पडेल अशा फायटरला मुद्दाम खालच्या लढतींत खेळवत ठेवतात. काही प्रमोटर खेळाचा उत्साह ओसरल्यावर न सांगता गायब होतात आणि त्यांच्याकडे सह्या केलेले फायटर ताटकळत राहतात. अशा वेळी मॅनेजरने करार पाळावा, असे मी म्हणणार नाही. करार दोन्ही बाजूंनी बांधणारा असेल तरच तो करार. एका बाजूने लढत द्यायची नाही आणि दुसऱ्या बाजूने मात्र वाट पाहायची, याला दावणीला बांधणे म्हणतात.

पण तिथेही एक रीत आहे, आणि ती पाळणारे मॅनेजर या खेळात लवकर ओळखू येतात. आधी लढत मागायची. ठरावीक काळात मिळाली नाही, तर पुन्हा एकदा लेखी विचारायचे आणि सोबत दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांची नावे सुचवायची. त्यानंतरही उत्तर आले नाही, तर करारातून मोकळे करण्याची विनंती करायची, आणि ती करताना दुसरीकडून बोलावणे आले असेल तर तेही सांगून टाकायचे. मला आलेल्या अशा विनंत्यांपैकी एकही मी नाकारलेली नाही, कारण मनाने निघून गेलेला मॅनेजर कार्डावर ठेवून काहीच साधत नाही. माझ्या ओळखीचे बरेच प्रमोटर हेच करतात. ज्याने एक लढत लढून, मग सन्मानाने निरोप मागितला, त्याला पुढच्या फायटरसाठी आम्ही आपणहून चांगला करार देऊ करतो. आणि ज्याने टोलवाटोलवी केली, त्याचे नाव एका प्रमोटरकडून दुसऱ्याकडे पोहोचायला फार वेळ लागत नाही. ही पतच या खेळात खरे चलन आहे. फायटर म्हातारे होऊन निवृत्त होतात, मॅनेजरचे नाव मागे उरते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : हा खेळ आहे, आणि खेळात नियमांच्या चौकटीत राहून मिळेल तो फायदा घेणे यालाच कौशल्य म्हणतात. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. कराराची रक्कम घासाघीस करून वाढवणे, कठीण प्रतिस्पर्धी दोन लढती पुढे ढकलून मागणे, दोन प्रमोशन्सना एकमेकांविरुद्ध बोली लावायला भाग पाडणे, हे सगळे कौशल्यच आहे आणि ते सही करण्याआधी मनसोक्त करावे. सही झाल्यानंतर मात्र समोरच्याने आपल्या शब्दावर पुढचे नियोजन केलेले असते. शिवाय सगळेच मॅनेजर सोयीनुसार करार सोडू लागले, तर प्रमोटर चार लढतींचे नियोजन करणे बंद करतील, कथानक उभे राहणार नाही, आणि बेल्टला काही अर्थ उरणार नाही. मग उरेल तो फक्त आकड्यांवर आकडे आपटणारा तक्ता. खेळातली जी गोष्ट मुळात मॅनेजरला खेचून आणते, तीच अशाने संपते.

एक खेळ म्हणून एमएमए टायकूनविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. लढतींचे वर्णन काही काळाने तेच तेच वाटू लागते आणि पहिल्या काही आठवड्यांत नवख्याला नेमके कशावर भर द्यावा हे उमजत नाही. खेळ इंग्रजीत आहे, पण कामापुरते इंग्रजी पुरते. प्रमोशन अमेरिकेतले असेल तर तिथल्या शनिवार रात्रीची लढत आपल्याकडे रविवारी पहाटे किंवा सकाळी होते, हे मला तरी सोयीचेच वाटते. महाराष्ट्रातून कुस्तीच्या वाटेने पुढे गेलेल्या भरत खंडारेने 2017 मध्ये यूएफसीत पाऊल ठेवले, जून 2024 मध्ये पूजा तोमर तिथे जिंकली, आणि तेव्हापासून आपल्याकडे एमएमए बघणारे बरेच वाढले आहेत. त्यातल्या ज्यांना लढतीइतकेच लढतीमागचे व्यवहार कुतूहलाचे वाटतात, त्यांनी हा खेळ जरूर उघडावा. ज्यांना दररोज काहीतरी घडलेले हवे असते आणि दोन लढतींमधला थांबा सोसवत नाही, त्यांनी मात्र त्यात पडू नये, कारण करार अर्धवट सोडणाऱ्यांत सर्वाधिक भरणा अशाच उतावळ्यांचा असतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला करार दोन लढतींपेक्षा मोठा करू नये, मग रक्कम कितीही आकर्षक असो. दोन लढतींत प्रमोटर निरोपांना उत्तर देतो की नाही, जोड्या न्यायाने लावतो की नाही, हे पुरेपूर कळते, आणि त्या दोन लढती मनापासून लढण्याइतका धीर बहुतेक कोणापाशीही असतो. सही करण्याआधी त्या प्रमोशनची मागची तीन-चार कार्डे उघडून पाहावीत : जाहीर झालेल्या लढतींपैकी किती प्रत्यक्षात झाल्या, चॅम्पियन किती वेळा बेल्ट घेऊन उतरला, आणि हरलेल्या फायटरला पुढची लढत मिळाली की त्याला वाऱ्यावर सोडले.