विंडोज सर्व्हर २०१९ पुन्हा टाकला आणि की घेईना: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघते आणि तिथला सर्व्हरही मीच सांभाळते. टॅली, हिशेबपट्ट्या, तोलाईच्या नोंदी, सगळं त्या एका टॉवरवर आहे. मार्चअखेरीस सौदे जोरात असताना त्याची बूट डिस्क, म्हणजे ज्या डिस्कवरून तो चालू होतो ती, गेली. डेटा दुसऱ्या डिस्कवर होता म्हणून वाचला, पण विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड नव्याने टाकावा लागला.

बोलावलेला मुलगा इंटरनेटवरून उतरवलेली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आला. तासाभरात सर्व्हर उभा राहिला. मग सर्व्हरच्या डब्यावरच्या स्टिकरची २५ अक्षरी की (विंडोजच्या परवान्याचा क्रमांक) टाकली, तर एरर ०एक्स-सी००४एफ०६९. परत टाकली, तेच. "ताई, की जळाली, नवी घ्यावी लागेल." बाहेर शेतकरी पट्टीसाठी बसलेले, त्यामुळे शेठ पैसे द्यायलाही तयार झाले. मी एक रात्र मागून घेतली.

त्या एररचा अर्थ इतकाच, की यंत्रावर बसलेल्या आवृत्तीशी ही की जुळत नाही. कमांड प्रॉम्प्टवर विंडोजच्याच डीआयएसएम या साधनाची 'डीआयएसएम /ऑनलाइन /गेट-करंटएडिशन' ही कमांड दिली आणि उत्तर आलं: सर्व्हरस्टँडर्डइव्हॅल. म्हणजे त्याने १८० दिवसांची चाचणी प्रत टाकली होती. ती मुदत संपल्यावर सर्व्हर दर तासाला आपोआप बंद होतो. ऐन दिवाळीच्या तोंडावर हे झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

चाचणी प्रत असेल तर नुसती की बदलून भागत नाही. आधी डीआयएसएमच्याच 'सेट-एडिशन' कमांडने, की सोबत देऊन, ती पूर्ण आवृत्तीत बदलावी लागते. पण यंत्र डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिन सांभाळणारं मुख्य यंत्र, झालेलं असेल तर हा रस्ता बंद. बोलावलेल्या त्या मुलाने डोमेन आधीच उभं केलं होतं, म्हणून मी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सर्व्हरसोबत आलेली मूळ डिस्क शोधली. ती जुन्या चोपड्यांच्या कपाटात सापडली. अशी डिस्क बायॉस (यंत्र सुरू करणारा, त्यातच बसवलेला प्रोग्रॅम) तपासते आणि त्याच कंपनीच्या यंत्रावर चालते. आवृत्त्यांच्या यादीतून स्टँडर्ड निवडायचं, डेटासेंटर ही दुसरी आवृत्ती नाही. डेस्कटॉपसह घ्या की डेस्कटॉपशिवाय, कीला फरक पडत नाही.

तरी की घेईना! या वेळी एरर ०एक्स-सी००४एफ०५०, म्हणजे की अवैध. यंत्र परत कोपऱ्यात ढकललेलं असल्यामुळे मी घाईत कागदावर उतरवलेली अक्षरं बघून टाकत होते. शेवटी टॉवर ओढून काढला, स्टिकरवरची हळदीची भुकटी ओल्या कापडाने हलकेच टिपली आणि मोबाइलने मोठा फोटो काढला. चौथ्या गटात मी 'ओ' लिहिलं होतं, ते 'क्यू' निघालं. या कीमध्ये ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं नसतातच. एल, एस, झेड नाहीत आणि ०, १, ५ हे आकडेही नाहीत. तुमच्या कागदावर यातलं काही दिसलं तर तुम्ही चुकीचं वाचलंय, एवढं नक्की. खरा घोटाळा बी-८ आणि जी-६ या जोड्यांत होतो. 'क्यू' केल्यावर 'एसएलएमजीआर /आयपीके' या कमांडने की बसली आणि तिच्याच '/एटीओ'ने पहिल्या फटक्यात ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवान्याची नोंद, झालं. नव्या कीचा एक रुपयाही लागला नाही.

त्याला आता आठ महिने झाले. नऊ जण एकाच वेळी टॅलीवर असतात, तक्रार नाही. जुलैत एकाने पट्ट्यांचा अख्खा फोल्डर उडवला, तो 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रतींतून) पाच मिनिटांत परत आणला. मात्र ही सोय आधी चालू करून ठेवावी लागते. अपडेटनंतरचा रीस्टार्ट मी रविवारी उरकते. रोज रात्री पूर्ण सिस्टीमचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो. त्याच यंत्रावर तो परत चढवला की ॲक्टिव्हेशनही सोबत येतं.

नवीन घेणाऱ्याने मात्र २०१९ घेऊ नये. त्याचा मुख्य सपोर्ट ९ जानेवारी २०२४ ला संपला, सुरक्षा अपडेट ९ जानेवारी २०२९ पर्यंतच मिळतील. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आज दुकान बंद करायच्या आधी स्टिकरचा फोटो काढा आणि मूळ डिस्क कुठे आहे ते बघा. आमचा फोटो आता शेठच्या मोबाइलमध्ये आहे, माझ्याकडे आहे आणि छापून तिजोरीतही ठेवलाय.