रेबुटिया मिनुस्कुला: कॅक्टस भारी, पण डोक्यावरचं ते फूल!!

ऑनलाइन मागवलं होतं. 5 पैकी 3 स्टार, आणि तिन्ही झाडाचे आहेत, विकणाऱ्याला एकही नाही.

बॉक्स उघडला तर लिंबाएवढा हिरवा गोळा आणि बरोब्बर डोक्यावर लालभडक फूल. आधी खूश झाले, मग खटकलं, कारण रेबुटियाला फुलं येतात ती खाली बुडापाशी, गोळ्याभोवती रिंगण धरून, शेंड्यावर नाही. शिवाय खरं फूल रात्री मिटतं, हे आपलं रात्री 11 ला पण टक्क उघडं. नखाने टोकरलं तर कागदासारखं कडक आणि खाली ग्लू गनचा थेंब. वाळकं फूल चक्क चिकटवलेलं! चिमट्याने काढताना शेंड्याचे चार काटे पण गेले, डाग अजून आहे. मेसेज केला तर म्हणे 'डेकोरेशन आहे मॅडम'. अहो मग तसं लिहा ना. माती म्हणजे नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दगड झालेलं, पाणी कडेकडेने वाहून जायचं.

झाडाची मात्र काही चूक नाही. हे मूळचं अर्जेंटिनाच्या वायव्येकडचं, अँडीजच्या डोंगरउतारांवरचं. रेबुटिया हे नाव 1895 मध्ये शुमान नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवलं, रेबू नावाच्या फ्रेंच कॅक्टसवाल्यावरून. डोंगरातलं असल्यामुळे त्याला हिवाळा गार आणि कोरडा लागतो, हे मला पहिल्या वर्षी कुठे माहीत, लाडाने पाणी घालत बसले, गोळा लांबुळका झाला आणि फूल शून्य. दुसऱ्या वर्षी जाड वाळू आणि प्युमिसमध्ये (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) लावलं, थंडीत पाणी जवळपास बंद, तर गोळा आक्रसून मातीत रुतल्यासारखा दिसायला लागला, म्हटलं गेलं हे. आणि मग बुडाशी काट्यांमधून तांबडे ठिपके. मला वाटलं पिल्लं फुटतायत, तर कळ्या!! एकदम 9 फुलं, गोळा दिसेना, दुपारी सताड उघडी आणि संध्याकाळी छत्रीसारखी मिटलेली.

एक सांगते, कोंदट जागी ठेवू नका, लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) लागतो आणि अंगावर तपकिरी खरबरीत डाग पडतात ते जात नाहीत. आणि रेबुटियाच्या फोटोत फूल शेंड्यावर दिसलं की ते विक्रीचं पान बंद करा.

दुसरं झाड नसताना पण याने स्वतःच बी धरलं, लगेच पेरलं कारण ते जास्त टिकत नाही म्हणतात. आत्ता टाचणीच्या डोक्याएवढे 6 हिरवे गोळे आलेत, त्यातल्या एकाला भिंगातून काटे दिसतायत.