खुर्चीवरचा व्यायाम की ताई ची?

वयस्करांसाठीच्या सौम्य हालचालींच्या वर्गांमध्ये खुर्चीवर बसून करायचे व्यायाम आणि ताई ची (उभे राहून संथ लयीत करायचा चिनी व्यायामप्रकार) हे दोन्ही प्रकार उपयुक्त असले, तरी त्यांतून मिळणारे लाभ सारखे नाहीत. गुडघेदुखी, चक्कर किंवा दीर्घ आजारपणानंतरचा अशक्तपणा असलेल्या व्यक्तीला खुर्चीचा आधार मोलाचा वाटतो. खांदे, घोटे आणि मांड्या न घाबरता हलवता येतात.

मात्र तोल सांभाळण्याची क्षमता मुख्यतः उभे राहूनच वाढते. ताई चीमध्ये गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर संथपणे नेला जातो, त्यामुळे पायांचे स्नायू बळकट होतात, पाऊल कुठे पडते आहे याचे भान सुधारते आणि पडण्याचा धोका कमी होतो, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनाही 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या हालचाली सुचवतात.

म्हणून, आधाराशिवाय उभे राहता येत असेल तर मी ताई चीच सुचवेन. ते जमत नसेल, तर खुर्चीवरून सुरुवात करावी आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, खुर्चीची पाठ धरून, हळूहळू उभ्याच्या हालचालींकडे वळावे.