गच्चीवर अँटेना नाही: खिडकीतला अँटेना बरा की फ्रीली?

लंडनमध्ये फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हा प्रश्न बहुधा एप्रिलच्या सुमारास येतो. आई-बाबा किंवा सासू-सासरे उन्हाळ्यापुरते येणार असतात, घरातले सगळे दिवसभर बाहेर असतात आणि त्यांच्या खोलीत टीव्ही लावून द्यायचा असतो. गच्चीवर अँटेना लावायला परवानगी नाही, बाहेरच्या भिंतीवर डिश लावू देत नाहीत. मग बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर ही फुकट दिसणारी चॅनल घरात आणायची कशी?

हॅरोत तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी सध्या दोन्ही प्रकार चालू आहेत. हॉलमध्ये वाय-फायवर चालणारा, फ्रीली (हीच फुकट चॅनल इंटरनेटवरून दाखवणारी सोय) असलेला नवा टीव्ही आहे. आईच्या खोलीत दहा-अकरा वर्षांचा ३२ इंची टीव्ही आहे आणि तिथल्या बाल्कनीच्या दाराच्या काचेवर एक पातळ, चौकोनी अँटेना चिकटवलेला आहे. मोजमापाची उपकरणं माझ्याकडे नाहीत. रोज वापरताना जे दिसलं तेच लिहितो.

खर्च करण्याआधी भिंतीतलं सॉकेट तपासा. बऱ्याच इमारतींत गच्चीवर एकच सामायिक अँटेना असतो आणि प्रत्येक घरात त्याची वायर आलेली असते. वीस वर्षं तिथे कुणी काही जोडलेलं नसतं, म्हणून ते बंद आहे असं आपण धरून चालतो. साधी वायर लावून ट्यूनिंग करून बघा, कदाचित काम तिथेच संपेल. आमचं सॉकेट खरंच मेलेलं निघालं. इमारतीची देखभाल बघणाऱ्यांना आठ महिने ईमेल पाठवले, मग नाद सोडला. स्वतंत्र घर असेल आणि वर लॉफ्ट असेल, तर मोठा अँटेना लॉफ्टमध्ये लावा. कौलांमुळे सिग्नल थोडा कमी होतो, पण वारा-पावसाचा त्रास नाही. मिल्टन कीन्सच्या मित्राने तसाच लावलाय आणि त्याला कधी काही करावं लागलेलं नाही. फक्त छपराखाली चमकदार फॉइल असेल तर हा बेत सोडा.

फुकट म्हणजे अर्थात टीव्ही लायसन्स (टीव्ही बघण्यासाठी दर वर्षी भरायची फी) भरल्यानंतरचं फुकट. एप्रिल २०२५ मध्ये ते १७४.५० पाउंड झालं होतं. लाइव्ह चॅनल अँटेनावर बघा की इंटरनेटवर, लायसन्स लागतंच. ते पत्त्यावर असतं, त्यामुळे पाहुण्या आलेल्या आईसाठी वेगळं काढायला नको.

आता फ्रीली. बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर आणि चॅनल फाइव्ह यांनी मिळून एप्रिल २०२४ मध्ये ही सोय सुरू केली. आधी फक्त नव्या टीव्हींमध्येच असायची, आता जुन्या टीव्हीला जोडायचे छोटे बॉक्सही मिळायला लागलेत. मला ती मनापासून आवडते. वेगवेगळ्या अ‍ॅप्समध्ये शिरायची गरज नाही. रिमोटवर १ दाबलं की बीबीसी वन, ३ दाबलं की आयटीव्ही. कार्यक्रम अर्धा होऊन गेला असला तरी बहुतेक वेळा पहिल्यापासून लावता येतो. चित्र स्वच्छ असतं. चॅनल अँटेनापेक्षा कमी, पण आमच्या घरात बघितली जाणारी जवळपास सगळी त्यात आहेत. मुलगी आणि बायको अँटेनाकडे बघतही नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

इंटरनेटवरचं लाइव्ह चित्र मागे असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. युरो २०२४ ची अंतिम लढत, १४ जुलै, इंग्लंड विरुद्ध स्पेन. तेव्हा आम्ही टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवरच्या अ‍ॅपवर बघत होतो. चेंडू अजून मैदानाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. कोल पामरने ७३ व्या मिनिटाला केलेली बरोबरी आम्ही पाहिली, पण ती होणार हे आधीच कळलेलं होतं. आमच्या घरी हा फरक साधारण अर्ध्या मिनिटाचा पडतो. फुटबॉलवेड्या शेजारात राहत असाल तर याचा विचार करा. मी काही यावरून निर्णय घेतला नाही.

निर्णय झाला तो आईच्या खोलीतल्या एका दिवसामुळे.

पहिल्या वर्षी आईच्या टीव्हीला मी स्ट्रीमिंग स्टिक लावून दिली होती. बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर, सगळी अ‍ॅप्स घालून, लॉगिन करून, रिमोटवर कुठलं बटण काय ते कागदावर मराठीत लिहून. आई बँकेतून निवृत्त झालेली आहे, तिला यंत्रांची भीती नाही. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. सकाळी घरं विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्यांचा कार्यक्रम, दुपारी जुन्या वस्तूंचा लिलाव. संध्याकाळी आम्ही आलो की कुठल्या बशीला किती पाउंड आले ते ती आम्हाला सांगायची.

मग एका मंगळवारी सकाळी साडेदहाला आमचं ब्रॉडबँड गेलं. रस्त्यावरच्या कॅबिनेटमध्ये काम होतं म्हणे. कंपनीचा मेसेज मला आला, पण मी मीटिंगमध्ये होतो, तो वाचला दुपारनंतर. आईच्या फोनमध्ये इथलं सिम नव्हतं, ती घरच्या वाय-फायवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायची. म्हणजे टीव्ही गेला आणि फोनही गेला. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की नेटवर्क नाही, सेटिंग्जमध्ये जा. ती गेली. तिथे घरातल्या आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायच्या नावांची यादी दिसली, पासवर्ड मागितला. तिने रिमोट खाली ठेवला.

सहा वाजता मी दार उघडलं तेव्हा ती खुर्चीत बसून पुण्याहून आणलेला दिवाळी अंक वाचत होती. मी बूट काढायच्या आत म्हणाली, "अरे, मी काही दाबलं नाही रे. आपोआप झालं."

"अगं, इंटरनेट गेलं होतं, तुझं काही नाही," असं मी दोनदा सांगितलं. तरी त्या आठवड्यात ती टीव्ही लावताना माझ्याकडे बघून लावायची. दिवसभर एकटं बसणं तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. आपल्या हातून मुलाच्या घरातलं काहीतरी बिघडलं, या विचारात साडेसात तास काढले होते. माझ्या लेखी तराजू तिथे झुकला. फ्रीलीवर अ‍ॅप्सची कटकट नाही हे खरं, पण तिच्या खोलीत तेव्हा फ्रीली असती तरी त्या मंगळवारी तेच झालं असतं.

त्याच शनिवारी अँटेना शोधायला लागलो. आधी हाताच्या पंजाएवढा, खाली चुंबक असलेला आणला. वीसेक चॅनल आली, त्यातली निम्मी अडखळत. नंतर जरा वाचल्यावर कारण कळलं. आमच्याकडे सिग्नल येतो तो दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मनोऱ्यावरून, सरळ रेषेत साधारण २५ किलोमीटर. तिथली राष्ट्रीय प्रसारणं यूएचएफ या टीव्ही लहरींच्या पट्ट्यात २२ ते ३० क्रमांकांच्या कप्प्यांत आहेत, म्हणजे पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला. तिथे लहरींची लांबी ५५ ते ६२ सेंटिमीटरच्या घरात जाते आणि अँटेनाला तिच्या निम्मी तरी रुंदी लागते. म्हणून फूटभर रुंदीचा कागदासारखा पातळ अँटेना घेतला. वीस पाउंडांच्या आसपास. अ‍ॅम्प्लिफायर लावलेलाही एक आणून पाहिला होता, पण त्याने सिग्नलबरोबर आजूबाजूच्या मोबाइल टॉवरांचा कचराही वाढवला. तो परत केला. शहरात मनोरा जवळ असेल तर साधाच घ्या असं मी म्हणेन.

जागा शोधायला अर्धा तास लागला. मी बाल्कनीच्या दाराच्या काचेवरून अँटेना इंच-इंच सरकवत होतो आणि आई पलंगावर बसून टीव्हीवरचा सिग्नल क्वालिटीचा आकडा वाचत होती. "चाळीस. बासष्ट. गेला, शून्य. परत मागे घे. अठ्ठ्याऐंशी. थांब, हलू नकोस, शंभर!" चिकटपट्टी लावली. त्या दिवशी सत्तरच्या वर चॅनल आली. एचडी बघायचं तर १०१, हेही तिने लगेच पाठ केलं.

आणि सबटायटल्स. आई इंग्रजी वाचते भरभर, पण इथले उच्चार कानाला बसायला तिला वेळ लागतो. अँटेनावर रिमोटचं एक बटण दाबलं की बहुतेक चॅनलांवर सबटायटल्स सुरू. अ‍ॅप्समध्ये ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मेन्यूत शोधावं लागायचं. ज्यांच्याकडे आई-वडील येऊन राहतात त्यांनी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

अँटेनातही खोट आहे, ती लपवत नाही. पहिल्याच आठवड्यात रोज अकराच्या सुमारास चित्राचे चौकोन व्हायला लागले. आवाज तुटायचा, पाच-दहा सेकंदांनी पुन्हा जुळायचा. मला वाटलं जवळपास कुठेतरी बांधकाम चालू असेल. रविवारी घरी होतो तेव्हा दिसलं. आई अकराला धुतलेले कपडे वाळत घालायची आणि कपड्यांचा स्टीलचा स्टँड उन्हासाठी बाल्कनीच्या दाराला लावून ठेवायची, बरोबर अँटेनासमोर. स्टँड हातभर बाजूला सरकवला आणि चित्र स्थिर झालं. दाराशी कुणी उभं राहिलं तर अजूनही एखादा चौकोन पडतो. पण पडतो आणि जातो. कुणाला काही दाबावं लागत नाही, पासवर्ड लागत नाही, माझी वाट बघावी लागत नाही. चौकोन पडले की आई जागची उठतही नाही.

अँटेनावाल्यांवरही आभाळ कोसळू शकतं, हेही सांगायला हवं. १० ऑगस्ट २०२१ ला नॉर्थ यॉर्कशरमधल्या बिल्सडेलच्या मनोऱ्याला आग लागली आणि लाखो घरांचा टीव्ही गेला, कित्येकांचा काही आठवडे. अशा वेळी वाय-फायवाल्यांचं चालू राहिलं. आणि हे प्रसारण निदान २०३४ पर्यंत चालू ठेवायचं ठरलेलं आहे, त्यापुढचं ठरायचंय. वीस पाउंडांच्या वस्तूसाठी मला एवढी मुदत पुरेशी वाटते.

काही घरांत मात्र फ्रीलीच घ्यावी लागेल. वेम्बलीला नव्या इमारतीत राहणाऱ्या एका मित्राकडे माझाच अँटेना नेऊन लावून पाहिला. एकही चॅनल आलं नाही. नव्या इमारतींच्या काचांना उष्णता अडवणारा धातूचा अतिपातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. खिडकी उघडून अँटेना बाहेर धरला की चॅनल यायची, बंद केली की गुडुप. लंडनच्या थंडीत खिडकी उघडी ठेवून कोण बसणार? त्याने फ्रीलीचा टीव्ही घेतला आणि तो खूश आहे. त्यामुळे विकत घेण्याआधी कुणाचा तरी अँटेना मागून आणा आणि खिडकी उघडी ठेवून व बंद करून, दोन्ही वेळा ट्यूनिंग करून बघा. फ्रीव्ह्यूच्या (अँटेनावरची ही फुकट सेवा) संकेतस्थळावर पोस्टकोड घातला की तुमच्या भागात काय दिसायला हवं ते कळतं. मनोऱ्याच्या दिशेला एकही खिडकी नसेल किंवा मध्ये टेकडी असेल, तर फार आटापिटा करू नका. आणि सिग्नल एखाद्या छोट्या रिले मनोऱ्यावरून येत असेल, तर अँटेना आडवा न लावता उभा लावून बघा, कारण तिथलं प्रसारण बहुधा उभं असतं.

हॉलमधला टीव्ही फ्रीलीवरच राहील, त्यात बदल करायचा माझा विचार नाही. पण घरात दिवसा एकटं बसणारं माणूस असेल आणि काच साधी असेल, तर त्या खोलीत तरी अँटेना लावावा असं मला वाटतं. ब्रॉडबँड कितीही चांगलं असलं तरी.

यंदा आई मे महिन्यात आली. बॅगा उघडायच्या आधी तिने खोलीतला टीव्ही लावला, १ दाबलं, चित्र आलेलं पाहिलं आणि मला विचारलं, "कपड्यांचा स्टँड कुठे ठेवलायस?"