अपिलात काय मागायचं, सुटका की शिक्षेत सूट?

धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण, काठ्या निघाल्या, अन् तालुक्याच्या कोर्टानं वर्षभराची शिक्षा ठोकली, अशा केसेस आमच्या विदर्भात काही नव्या नाहीत. मग वावरात तूर सोंगता सोंगता घरात दोन मतं पडतात.

मोठा भाऊ म्हणतो दोषच मान्य नाही म्हणून लढू. यात सेशन्स कोर्ट, म्हणजे तालुक्याच्या वरचं कोर्ट, सगळा पुरावा परत तपासतं, साक्षीदार उलटतपासणीत काय बोलला, पंचनाम्यात काठी कुठून जप्त दाखवली, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरची जखम त्या काठीनं होऊ शकते का, सगळं. वेळ जातो, वकिलाची फी जाते, पण जिंकलं तर डागच निघतो.

धाकटा म्हणतो फक्त शिक्षा कमी करून घेऊ, काम लवकर होते. होते बी, पहिलाच गुन्हा असला तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली बाँडवर, म्हणजे चांगलं वागायच्या लेखी हमीवर, सोडायची मागणी करता येते. पण दोष तसाच राहतो ना भाऊ!

मला इचाराल तर दोन्ही एकाच अपिलात मागा, आधी सुटका, नाही जमलं तर शिक्षेत सूट. फक्त आरोपीचंच अपील असलं तर त्यात शिक्षा वाढवता येत नाही, त्यामुळं ती भीती नको. कोर्टात गुन्हा कबूल केला असंल तर मात्र बहुतेक वेळा शिक्षेपुरतंच बोलता येतं.

अन् मुदत सेशन्सला ३० दिवस, हायकोर्टाला ६०. निकालाची नक्कल आरोपीला फुकट भेटते, ती त्याच दिवशी घ्या.