ग्रँड मरे की ईली? आई-बाबांना घेऊन उत्तर मिनेसोटात

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले, की मिनिआपोलिसकडच्या आपल्या मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. चार दिवस उत्तरेला जायचं, तर ग्रँड मरेला जावं की ईलीला? दोन्हीकडे गाडीने साधारण चार-साडेचार तास लागतात. बाउंडरी वॉटर्सच्या जंगलात शिरायचे रस्ते दोन्हीकडून निघतात. हजारावर तळी, त्यातल्या बहुतेकांवर मोटरबोटीला बंदी, आवाज फक्त वल्ह्यांचा. मी दोन्हीकडे आई-बाबांना घेऊन राहिलोय, मधे एक उन्हाळा सोडून.

आधी ग्रँड मरेला गेलो. गाव सुपीरियर सरोवराच्या काठावरच आहे. बाबा गुहागरचे. आर्टिस्ट्स पॉइंटच्या खडकांवर पोचल्यावर ते खाली वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, खरंच गोडं आहे." पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा खडकावर आपटतायत आणि पाणी गोडं, हे त्यांना दोन दिवस पचत नव्हतं. एवढ्यासाठीसुद्धा ग्रँड मरेला जावं.

वारशाच्या बाबतीत तर तराजू त्याच बाजूला झुकतो. तिथून साधारण पाऊण तासावर, ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर, ग्रँड पोर्टेज आहे. अठराव्या शतकात नॉर्थ वेस्ट कंपनीचा फर व्यापाराचा मोठा तळ इथे होता. धबधब्यांमुळे पिजन नदीतून होड्या जात नसत, म्हणून साडेआठ मैल माल पाठीवरून न्यायचा. एकेक गाठोडं नव्वद पौंडांचं, म्हणजे चाळीस किलोचं, आणि माणसागणिक अशी दोन. तळाची पुन्हा बांधलेली लाकडी तटबंदी आणि मोठं दालन बघायला अर्धा दिवस हाताशी ठेवा.

मग अडलं कुठे? संध्याकाळी अडलं.

ग्रँड मरेत राहून शांत तळ्यावर कनू, म्हणजे वल्ह्यांची हलकी होडी, चालवायची, तर रोज गनफ्लिंट ट्रेल नावाच्या रस्त्याने वर जावं लागतं. सुपीरियरचं पाणी जुलैतही बर्फासारखं असतं आणि वारा कधी फिरेल ते सांगता येत नाही. आई-बाबांना घेऊन तिथे कनू घालायची माझी हिंमत झाली नाही. सकाळी गावात धुकं, सगळ्यांच्या अंगात स्वेटर. चाळीस मिनिटं वर गेलं की लख्ख ऊन, स्वेटर काढा. दिवस छान जायचा. पण संध्याकाळी सहानंतर वारा पडतो, पाणी आरशासारखं होतं, लून पक्षी एकमेकांना साद घालायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला निघावं लागायचं. अंधार पडायच्या सुमाराला त्या रस्त्यावर मूस येतात. घोड्याहून उंच, काळपट जनावर, हेडलाइटमध्ये डोळेही नीट चमकत नाहीत. मागे आई-बाबा बसलेले असताना तो धोका मला पत्करायचा नव्हता. तीन दिवस, तीनही संध्याकाळी, उत्तम वेळ आम्ही गाडीत घालवली. तिसऱ्या दिवशी आई वल्हं खाली ठेवताना म्हणाली, "आत्ता कुठे हात बसला होता रे."

ट्रेलवरच्याच एखाद्या लॉजमध्ये राहिलं तर हा त्रास टळतो, हे खरं. पण मग गाव आणि सुपीरियर लांब राहतं, आणि ग्रँड मरेला जायचं मुख्य कारणच संपतं.

ईली शागावा तळ्याला लागून आहे. आम्ही काठावरची केबिन घेतली होती. दिवसभर फिरून यायचं, जेवायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. जुलैत नऊपर्यंत उजेड असतो. या तळ्यावर मोटरबोटी आहेत, पण संध्याकाळी फारशा नसतात. खऱ्या निर्मनुष्य तळ्यांसाठी फर्नबर्ग रोडने अर्धा-पाऊण तास जावं लागतं. तिथे आम्ही दिवसा गेलो.

वारसा इथेही आहे, फक्त तो खाणकामगारांचा आहे. जवळच्या सूदानला लोखंडाची जुनी खाण आहे, 1962 साली बंद झालेली. पिंजऱ्यासारख्या लिफ्टने जवळजवळ अर्धा मैल खाली नेतात. खाली बाराही महिने दहा-अकरा डिग्री, तेव्हा स्वेटर इथे लागतोच. दौरे चालू आहेत का, ते निघण्याआधी बघून घ्या.

आईला मात्र डोरोथी मोल्टरचं छोटं संग्रहालय सगळ्यात आवडलं. ही बाई कित्येक दशकं, 1986 मध्ये वारेपर्यंत, नाइफ लेकमधल्या बेटावर राहिली. शिकलेली नर्स, आल्यागेल्याची दुखणीखुपणी बघायची आणि कनूतून येणाऱ्यांना घरी केलेली रूट बिअर पाजायची. नाव बिअर, पण दारू नव्हे. सरकारने तो भाग निर्मनुष्य करायचा ठरवला, तेव्हा लोकांनी तिच्यासाठी लावून धरलं आणि तिला मरेपर्यंत राहू दिलं. ती गेल्यावर तिच्या लाकडी केबिन सुट्या करून गोठलेल्या तळ्यांवरून ईलीत आणल्या. त्या ओंडक्यांवर हात ठेवून आई बराच वेळ उभी होती.

ईलीचे डास वाईट, जूनमध्ये तर फारच. जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट धरा. आणि घरात कोणालाच कनूत बसायचं नसेल, गुडघे दुखत असतील, तर निःशंक ग्रँड मरेला जा. खडकांवर बसून सरोवर बघण्यातही दिवस जातो.

पण एकाला जरी वल्हं हातात घ्यायचं असेल, तर माझं मत ईलीला. तिथे शेवटच्या संध्याकाळी आई पुढे बसली होती, मी मागे. लूनची जोडी वीसेक हातांवर आली तेव्हा तिने वल्हं मांडीवर आडवं धरलं आणि मान न वळवता डाव्या हाताने मला खूण केली, थांब. आम्ही पार काळोख होईपर्यंत तिथेच होतो.