ओसी मिळाली म्हणून पेढे वाटले, जावक क्रमांक निघाला झाडतोडीचा

४,३२,००० रुपये, बनावट ओसीपायी गेलेले. सोळा फ्लॅट, प्रत्येकी २७,०००. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी तो लिहितंच. मी सेक्रेटरी. सगळीकडे सह्या माझ्या.

इमारत २०११ ची. बिल्डरने चाव्या दिल्या, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) दिलं नाही, आणि पुढे त्याच्या ऑफिसलाच कुलूप लागलं. ओसी नसली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणीपट्टी जादा दराने, आणि फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाइकाची बँक मान हलवते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा सौदा असा दोनदा मोडला. जिन्यात भेटल्या की त्या बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. तर अशात एक लायझनिंगवाला, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून देणारा एजंट, आला. 'नगररचनेत आपलं रोजचं बसणं-उठणं आहे,' म्हणाला.

हिशेब त्याने तोंडपाठ सांगितला. स्वतःची फी १,२०,०००, चेकने. थकीत शुल्काचं चलन १,८७,०००. फायरच्या दाखल्याचे ६५,००० आणि 'वरचे' ६०,०००, हे दोन्ही रोख. चलनावर पालिकेचं बोधचिन्ह होतं, पण खाली दिलेलं बँक खातं कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं. 'वसुलीचं काम बाहेर दिलंय,' म्हणे. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली आहेत. तरी पैसे पाठवले. पालिकेचं शुल्क पालिकेच्याच खात्यात जातं, दुसऱ्या कोणाच्या नाही, हे लहान पोरालाही कळतं.

पण मला खरी टोचते ती पाहणी. 'ज्युनियर इंजिनिअर साहेब' म्हणून एक जण आला. कुंपणापासून भिंतीपर्यंत टेप लावला आणि म्हणाला, 'नऊ फूट दहा इंच, लिहा.' मंजूर नकाशा माझ्याच हातात होता आणि त्यावर ३.०० मीटर. अख्ख्या नकाशात फूट-इंच शोधून सापडणार नाही! मी विचारलंसुद्धा, 'साहेब, फुटात?' एजंट हसला, 'साहेब जुन्या वळणाचे आहेत.' साहेब तिशीतलेही नव्हते. गच्चीवर ते चढले नाहीत, जिथे आम्हीच ठोकलेली पत्र्याची शेड आहे. लिफ्टचा परवाना मागितला नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, शेडचं लपलं म्हणून. घ्या, हे पण लिहिलं.

सतरा दिवसांत प्रमाणपत्र हातात. शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं. लॅमिनेट करून ऑफिसात लावलं, पेढे वाटले. कल्याण-डोंबिवलीतल्या बनावट परवानग्यांच्या ६५ इमारतींची बातमी मीच ग्रुपवर टाकली होती, 'लोक फसतात तरी कसे' असं वर लिहून.

काकूंना तिसरं गिऱ्हाईक मिळालं. त्याच्या बँकेचा वकील पालिकेत गेला आणि जावक रजिस्टर उघडायला लावलं. त्या क्रमांकावर उद्यान विभागाचं पत्र होतं, भलत्याच कोणाला झाड तोडायची परवानगी. हे काम मला पाच मिनिटांत करता आलं असतं. कागद हातात पडला त्याच दिवशी रजिस्टर बघा. एजंटला सोबत नेऊ नका.

मग वाऱ्या सुरू झाल्या. प्रभाग कार्यालय म्हणालं नगररचनेत जा. नगररचनेतला माणूस कागद उलटसुलट करून म्हणाला, 'आमच्याकडून गेलेलाच नाही, मग आमच्याकडे तक्रार कसली?' तुमच्या शिक्क्याची नक्कल झाली आहे हो! तर म्हणे माहिती अधिकारात टाका. दहा रुपयांचा स्टँप चिकटवून अर्ज दिला. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही.' एवढ्यासाठी एक महिना. मात्र ते उत्तर जपून ठेवा, पोलिसांना कागदच लागतो. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोवर पैसे जाऊन चार महिने झाले होते. खातं रिकामं. शंका आली त्याच तासाला लावा हा नंबर.

चौकीत पहिलं वाक्य ठरलेलं, 'हा दिवाणी मामला.' भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी वाचून दाखवलं, बनावट दस्तऐवजाचं ३३६ दाखवलं. तेव्हा साहेबांनी शांतपणे विचारलं, 'वरचे साठ हजार कशाचे, काका?' भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार. नाइलाजाने दिली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. मी गप्प. अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा अजून नाही. एजंटचा फोन अजूनही वाजतो, हा आणखी संताप. वाजतो, आणि तो उचलत नाही.

ओसी आणणं हे बिल्डरचंच काम. ती न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि तो दोष चालूच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये समृद्धी सोसायटीच्या निकालात म्हटलं आहे. आमच्या वकिलाने ते तेव्हाच सांगितलं होतं. ग्राहक आयोगात वर्षं जातील म्हणून आम्ही जवळची वाट धरली. आम्ही म्हणजे सभेतले सोळाच्या सोळा. हात सगळ्यांनी वर केले होते, आता ते कोणाला आठवत नाही.

मागच्या आठवड्यात परवानाधारक आर्किटेक्ट आणला. पूर्णत्वाचा दाखला त्याच्या सहीनेच जातो, तेव्हा तुम्हीही पहिल्या भेटीत विचारा, सही कोणाची? त्याने मीटरमध्ये मोजलं, गच्चीवर गेला आणि शेडकडे बोट दाखवून म्हणाला, 'आधी हे काढा.'

शेड चौघांची आहे. रविवारी सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक तीन शेड, चार मी.